डावरीची पहिली पाटी

६ फेब्रुवारी, सोमवार

ही डायरी लेकीनं रक्तदाब लिहून ठेवायला दिली होती. पहिल्या सहा पानांवर आकडे आहेत. त्यातले निम्मे मी अंदाजानं ठोकून दिलेत, ते तिच्या समाधानासाठी. आजपासून दुसरं लिहितो. आज सांगण्यासारखं काहीतरी घडलं आणि सांगायला घरात कुणी नाही.

सकाळी अकराच्या सुमाराला दार वाजलं. तीन मजले चढून दमलेली एक मुलगी उभी होती. तिशीची असेल, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. "पेंटरकाका तुम्हीच ना? मी 'डावरी'च्या ब्रँड विभागातून आले."

मी म्हटलं, "पाट्या रंगवणं सोडून बारा वर्षं झाली. सोडलं नाही, तुमच्या कंपनीनं सोडवलं. आता तुमच्या पाट्या प्लास्टिकच्या असतात, आत दिवे असलेल्या."

ती हसली. पाणी प्यायली. मग खुर्चीच्या टोकावर बसून तिनं सांगितलं ते असं: 'डावरी' हे नाव जाणार. पंधरा मार्चपासून दोनशे दहा शाखांवर नुसतं 'डी' लागणार, आणि त्याच्याखाली एक नारिंगी अर्धगोल. म्हणे बाहेरच्या देशात 'डावरी' म्हणताना लोकांची जीभ अडखळते.

"अर्धगोल कशाचा?"

"पळीचा, काका. म्हणजे अगदी पळी नाही, पण पळीचा भाव आहे त्यात."

चाळीस वर्षांपूर्वी भरल्या पावाची एक हातगाडी होती, तिची पाटी मी रंगवली. तिथपासून आजपर्यंतची एक फिल्म ते करणार आहेत. त्यात मी बोलायचं. पहिल्या पाटीच्या कोपऱ्यात माझी सही होती, त्यावरून तिनं मला हुडकून काढलं. मी म्हटलं, बोलतो, पण मला ती पहिली पाटी हवी.

"ती मोठ्या मालकांच्या घरी आहे. त्यांच्या आईचं चित्र आहे ना ते! देतील असं वाटत नाही."

"मग मी पण बोलेन असं वाटत नाही."

विचारते म्हणाली आणि गेली. जाताना कप उचलून मोरीत ठेवून गेली. असं करायची तिला काही गरज नव्हती.

७ फेब्रुवारी, मंगळवार

ते त्यांच्या आईचं चित्र नाही. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, आज पहिल्यांदा लिहितोय.

आताचे मोठे मालक म्हणजे आमचा भाऊ, तेव्हा पंचविशीचा होता. सगळे त्याला भाऊच म्हणायचे, अजून म्हणतात. हातगाडी नवी होती. पावात परतलेल्या भाज्या आणि अंडं भरायचं, वरून एक पळी गरम सॉस. नाव ठरवून आला होता: 'आईच्या हातचं'. म्हणाला, पाटीवर माझी आई काढा.

"फोटो आणा."

"फोटो नाही. मी चार वर्षांचा असताना गेली."

"मग सांगा, दिसायला कशी होती?"

त्यानं सांगितलं. गोल चेहरा, घट्ट बांधलेले केस, हातात पळी. तीन दिवस मी पत्र्यावर चेहरे काढले आणि पुसले. एकही माणसासारखा येईना. चौथ्या दिवशी सहज मान वळवली तर ही शेगडीपाशी उभी होती. ही म्हणजे माझी बायको. मी म्हटलं, "तशीच थांब. हलू नकोस."

दीड तास थांबली. मध्येच म्हणाली, "हात दुखला हो, झालं का?" मी म्हटलं, "बोलू नकोस, गाल हलतो." मग नाही बोलली. पळी डाव्या हातात होती, कारण ही डावरी. माझ्या ते ध्यानातसुद्धा आलं नाही, मी तिला रोज तसंच बघत होतो. मनगटावर तव्याचा चटका बसल्याचा डाग होता, तोही काढला. कानामागून सुटलेली बट काढली. आयुष्यात तेवढं चांगलं काम मी पुन्हा केलं नाही.

भाऊनं पाटी बघितली आणि फुटपाथच्या कडेला बसून ढसाढसा रडला. "आईच आली हो, पेंटर." आता अशा माणसाला काय सांगणार? मी पाटी ठोकून दिली आणि घरी आलो. हिला बजावलं, त्या रस्त्यानं कधी फिरकायचं नाही, तो ओळखेल आणि त्याच्या जिवाला लागेल. ही म्हणाली, "बरं."

आणि खरोखर कधी गेली नाही. हिचा स्वभावच तसा. मी घरीच काम करायचो. अक्षराची कड ओढताना जरा आवाज झाला तरी हात हलतो आणि पत्रा वाया जातो. पण या घरात कधी भांडं आपटल्याचं मला आठवत नाही. हिला रेडिओची हौस होती, लग्नात घेऊन आली होती. तो मी कापडात गुंडाळून कपाटावर ठेवला, काम संपलं की लावू म्हटलं. एका शब्दानं तक्रार नाही. लोक म्हणायचे, पेंटर, तुमचं घर म्हणजे वाचनालय आहे. मला फार अभिमान वाटायचा.

अकरा वर्षं झाली तिला जाऊन.

९ फेब्रुवारी, गुरुवार

ब्रँडवालीचा फोन. फिल्मसाठी तिला नावाचा इतिहास हवा होता. तिच्याकडे कागद आहेत, पण कागदावर सगळं गुळगुळीत करून लिहिलंय. 'ग्राहकांशी जुळलेली नाळ' वगैरे. मी तिला खरं सांगितलं.

'आईच्या हातचं' असं कुणी कधी म्हणालंच नाही. पाटी बघून लोक म्हणायचे, चला, त्या डावरीकडे जाऊ. वर्षभरात भाऊनं हात टेकले आणि माझ्याकडून नाव बदलून घेतलं. मी जुन्या अक्षरांवर पांढरा हात मारला आणि 'डावरी' लिहिलं. तेव्हापासून भाऊनं दुसरी एक तऱ्हा सुरू केली. पाव गिऱ्हाइकाला डाव्या हातानं द्यायचा. लोकांनी नाकं मुरडली, डाव्या हातानं देतात का कुणाला? पण सवय झाली. आजही कुठल्याही शाखेत नवा माणूस लागला की त्याला पहिल्या दिवशी तेच शिकवतात. मी विचारलं होतं भाऊला, हे काय काढलंत? तर म्हणाला, आई डावरी होती ना.

आता गंमत बघा. त्याची आई डावरी होती की नव्हती, देव जाणे. माझ्या हातून चुकून डावा हात निघाला आणि दोनशे दुकानं डाव्या हातानं वाढताहेत. फोनवर हे अर्थातच बोललो नाही.

मग चित्राचे हाल. पहिल्या एकशे चौदा शाखांच्या पाट्या मी स्वतः रंगवल्या, म्हणून ते सगळे हाल माझ्याच हातानं झाले. आधी मनगटावरचा डाग गेला. पिशवीवर छापला की मळ वाटतो म्हणाले. मग कानामागची बट. मग रंग दोन केले, गाल बसवले, वय उतरवलं. तिसावी शाखा उघडली तेव्हा नमुन्याचा नवा कागद आला, त्यात बाई दात दाखवून हसत होती. मी तडक भाऊकडे गेलो. म्हटलं, "ही बाई अशी हसत नाही." आणि जीभ चावली.

भाऊ माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "आई माझी आहे ना, पेंटर? मी म्हणतो हसते, म्हणजे हसते."

मी दात रंगवले. ही रोज संध्याकाळी चेष्टेनं विचारायची, आज माझं काय काढलंत? त्या दिवशी मी म्हटलं, तुला दात घातले. माझ्या कामाची अशी विटंबना झाली म्हणून तिला वाईट वाटलं असणार. ताट खाली ठेवून आत गेली. आतून हुंदक्यांसारखा आवाज येत होता, तोंडावर काहीतरी दाबून धरल्यासारखा. माझ्या हातातला रंग वाळला असता, म्हणून मी उठलो नाही.

मनानं ती सगळं जाणायची. एकदा म्हणाली, गाडीवरच्या पाटीचा खालचा कोपरा उडालाय, नीट करून या. गेलो तर खरंच उडाला होता. पेंटरच्या बायकोला अशा गोष्टी न बघता कळतात.

पुढे प्लास्टिक आलं, त्यात चेहराच गेला, नुसता हात आणि पळी राहिली. आणि मीही राहिलो नाही.

१२ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा फोन, नेहमीप्रमाणे साडेदहाला. रक्तदाब सांगितला. जेवण, झोप, गुडघे. मग तिचं ठरलेलं वाक्य, "बाबा, इकडे या ना राहायला. तिथे एकटे काय करता?" मी म्हटलं, काम असतं मला. काय काम, ते तिनं विचारलं नाही, हे बरं झालं.

फिल्मचं सांगितलं. पाटी मागितल्याचंही सांगितलं. 

"तुझ्या आईचा चेहरा आहे त्याच्यावर."

"मला माहितीय, बाबा."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? लहान होते, आंधळी नव्हते." मग म्हणाली, "त्या सॉसचा वास आला ना, की मला अजून बुधवार वाटतो."

"बुधवार कशाला?"

"जाऊ दे. गोळ्या संपल्या का?"

बुधवारी मी घाऊक बाजारात रंग आणायला जायचो, सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचो. त्याचा आणि सॉसचा काय संबंध? मुलांच्या डोक्यात कशाला काय चिकटून बसेल सांगता येत नाही.

१५ फेब्रुवारी, बुधवार

मला पाटी का हवी, ते लिहून ठेवतो, नाहीतर म्हाताऱ्याचा हट्ट वाटेल.

हिचा धड फोटो माझ्याकडे नाही. लग्नातल्या फोटोत मान खाली, नुसता भांग दिसतो. दुसरा ओळखपत्रावरचा, आजारपणातला, तो मला बघवत नाही. बाकीचे छत गळलं त्या वर्षी एकमेकांना चिकटून गेले. मधली तीस वर्षं कुठेच नाहीत. आणि आता आठवायला गेलो की चेहरा येत नाही. आवाज येतो, पावलं येतात, चेहऱ्याच्या जागी धुकं.

मग म्हटलं, आपण एवढे पेंटर, आपणच काढू. आज सकाळी ट्रंकेतून ब्रश काढले, टर्पेंटाइनमध्ये भिजवले, पुठ्ठ्यावर पांढरा हात मारला आणि डोळे मिटून सुरुवात केली. हात थरथरतो, पण कड अजून ओढतो. अर्ध्या तासात चेहरा उभा राहिला. बघतो तर कंपनीची बाई! बसवलेले गाल, वरचे सगळे दात. दुसरा पुठ्ठा घेतला. तेच. तिसरा. तेच. चौऱ्याऐंशी पाट्यांवर ते हसू रंगवलंय मी, हाताला दुसरं काही येतच नाही.

तिन्ही पुठ्ठे भिंतीकडे तोंड करून ठेवले. माझी बायको मी स्वतः पुसली, शाखेमागून शाखा, आणि वर सही केली. फार वाईट वाटलं. दुपारी जेवलो नाही.

२० फेब्रुवारी, सोमवार

कोपऱ्यावरच्या शाखेत गेलो होतो. आठवड्यातून दोनदा जातो, घरी एकट्यासाठी काय शिजवायचं. काउंटरवरची मुलगी विसराळू दिसते. मी खिडकीजवळच्या टेबलाशी जातो तर त्यावर दर वेळी 'राखीव' असं कार्ड असतं, आणि मी गेलो की ती येऊन उचलते. ज्यांनी राखून ठेवलंय ते कधी येत नाहीत. आज विचारलं, "नावाचं कळलं का तुम्हाला?"

"हो ना, आजोबा. आता खिडकीतून ट्रे आपोआप बाहेर येणार. आम्ही आत. डाव्या हाताचं पण बंद."

पाव तिनं डाव्या हातानं दिला. मी डाव्याच हातानं घेतला. का कोण जाणे.

२७ फेब्रुवारी, सोमवार

ब्रँडवाली आली. भाऊ पाटी द्यायला तयार आहेत. ती म्हणाली, "मला वाटलं होतं, चिडतील. मी विचारायचा अवकाश, लगेच 'हो' म्हणाले."

हे मला खटकलं. आईचं चित्र माणूस असा पटकन देतो?

मी काय बोलायचं ते तिनं टाइप करून आणलंय. शेवटचा प्रश्न आहे, "काका, हा चेहरा कुणाचा?" आणि उत्तर, "मोठ्या मालकांच्या आईचा. त्यांनी आठवणीतून सांगितला, मी काढला." हे वाक्य सगळ्या शाखांमध्ये भिंतीवर लागणार, 'डी'च्या खाली, कायमचं. शूटिंग बुधवारी, भाऊंच्या घरी.

रात्रीचे दोन वाजले, झोप नाही. खरं सांगितलं तर एवढ्या म्हाताऱ्या माणसाची आई मी हिसकावून घेणार. नाही सांगितलं तर हिचं या जगात काहीच राहत नाही, नावसुद्धा नाही, तेवढंच एक चित्र, तेही दुसऱ्या बाईच्या खात्यावर. हिला विचारलं असतं तर म्हणाली असती, "बरं." त्यातून काय समजायचं?

१ मार्च, बुधवार

आजचं सगळं लिहायला हवं.

भाऊंचं घर मोठं, पण माणसांचा वावर नाही. कंपनी मुलं बघतात, ती दुसऱ्या शहरात. मागच्या बाजूच्या एका खोलीत भाऊ असतात, पलंग, औषधांचं टेबल, एक नर्स. मोतीबिंदूच्या पुढचं काहीतरी झालंय डोळ्यांना. माझ्या पावलांवरून ओळखलं. "या पेंटर. अजून टाच घासूनच चालता."

पाटी पलंगासमोर होती. मी अठ्ठावीस वर्षांनी बघितली. कडा गंजल्यात, खालचा कोपरा मी जुळवलेल्या रंगाचा, जरा वेगळा दिसतो. आणि ती. बट, मनगटावरचा डाग, सगळं. नर्सनं खुर्ची दिली. पण चेहरा मला आठवत होता तसा नव्हता. मला वाटायचं मी शांत चेहरा काढलाय. ती दमलेली दिसते. हात दुखतोय आणि बोलायची परवानगी नाही, अशी बाई आहे ती.

दिवे लागले, कॅमेरा लागला. ब्रँडवालीनं विचारलं, "काका, हा चेहरा कुणाचा?"

भाऊ मान माझ्याकडे वळवून बसले होते, डोळे भलतीकडेच. मी म्हटलं, "यांच्या आईचा."

एका दमात झालं. सगळे खूश. मग ती मंडळी बंगल्याचं बाहेरून चित्रण करायला गेली आणि खोलीत आम्ही दोघंच राहिलो.

"खोटं चांगलं बोलता तुम्ही, पेंटर," भाऊ म्हणाले.

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"मला आईचं तोंड आठवत नाही. तेव्हाही आठवत नव्हतं. तुम्ही विचारलंत कशी होती, मी दिलं काहीतरी ठोकून."

"मग रडलात कशाला?"

"कुणीतरी मिळाली म्हणून." मग म्हणाले, "आणि महिन्याभरात ती स्वतःच गाडीवर आली की! कडेवर पोरगी. पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि वहिनींना हसू आवरेना. म्हणाल्या, 'माझा हात दुखत होता हो त्या दिवशी, म्हणून तोंड असं आलंय.'"

मी म्हटलं, "शक्य नाही. ती त्या रस्त्यानं जायची नाही."

"दर बुधवारी यायच्या. तुम्ही रंग आणायला गेलात की. पहिल्याच दिवशी पाव घ्यायला डावा हात पुढे केला आणि ओशाळल्या. मग मीही डाव्यानंच दिला. म्हटलं, फिट्टंफाट. पुढे नाव बदललं तेव्हा सगळ्यांनाच तसं द्यायला लागलो."

दोनशे दहा शाखा.  वाईट विचार मनात आला नाही असं नाही. आला आणि गेला. मग विचारलं, "किती वर्षं?"

"पोरगी शाळेत होती तोवर दोघी. नंतर एकट्याच. पाटीखाली उभ्या राहून खायच्या. आम्ही टेबलं टाकली तरी उभ्यानंच. रस्ता, गिऱ्हाइकं, माझी आरडाओरड. म्हणायच्या, 'भाऊ, किती छान गोंगाट आहे हो तुमच्याकडे.'"

"मला का नाही सांगितलं कुणी?"

"मी म्हटलं होतं, सांगून टाका. तर म्हणाल्या, 'त्यांना वाटतंय मी येत नाही. वाटू दे. त्यात ते खूश आहेत.'"

शेवटी मी ते विचारलं. "आणि ते दात?"

"ते मीच घालायला लावले. राग मानू नका पेंटर, तुमची पाटी सुंदर होती. पण ती त्यांच्यासारखी नव्हती. आमच्याकडे त्या तशा हसायच्या, सगळे दात दिसेपर्यंत."

 ड्रायव्हरनं पाटी चादरीत गुंडाळून गाडीत ठेवली. भाऊ म्हणाले, "न्या खुशाल, मला आता नुसता रंग दिसतो." पण गाडी निघेपर्यंत ते मोकळ्या झालेल्या भिंतीकडे तोंड करून बसले होते.

५ मार्च, रविवार

साडेदहाची वाट न बघता मीच फोन केला. ती घाबरली, "काय झालं?"

"काही नाही. तुझी आई हसायची कशी?"

 मग म्हणाली, "भाऊकाकांनी सांगितलं वाटतं."

"घरी का नाही हसायची?"

"बाबा, तुम्हाला शांतता लागायची ना. हात हलेल म्हणून आम्ही श्वाससुद्धा बेतानं घ्यायचो. मला खोकला आला की आई तोंडावर उशी धरायची, आणि आम्ही दोघी जिन्यात पळायचो, तिथे जाऊन हसायचो. तिला फार हसू यायचं. तुम्ही दात घातलेत ना तिला, त्या दिवशी तर उशीत तोंड खुपसून गडबडा लोळत होती. तुम्हाला वाटलं असेल काय."

मला काय वाटलं होतं ते मी सांगितलं नाही.

"बाबा? तुम्ही वाईट नव्हता हो. तिला तुमच्या पाट्यांचं फार कौतुक होतं. इकडे या ना."

विचार करतो म्हटलं. या वेळी खोटं बोललो नाही.

८ मार्च, बुधवार

पाटी शेगडीजवळच्या भिंतीला लावली, जिथे ती उभी होती त्याच जागी. दिवसभर माझ्याकडे बघते. दमलेली. मी काढलं ते बरोबरच होतं, मला ती तशीच दिसायची.

भिंतीकडे तोंड केलेल्या पुठ्ठ्यांतला एक उलटा केला आणि शेजारी ठेवला. दात दाखवणारी. बघत बसलो. एवढं रंगवून ओळखीचा चेहरा, आणि प्रत्यक्ष मी एकदाही बघितलेला नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात एकदाही नाही. जिन्यात हसत होती, बारा पायऱ्या खाली.

१५ मार्च, बुधवार

आज नाव बदललं. कोपऱ्यावर गेलो तर 'डी' लागलेला, खाली नारिंगी अर्धगोल. कशाचाही असू शकतो. टेबलावर कार्ड नव्हतं. ती मुलगी आत कुठेतरी असावी. खिडकीतून ट्रे सरकत बाहेर आला, पलीकडे कुणाचा हात दिसला नाही. मी दोन पाव घेतले. एक भाऊंकडे पोचवला, त्यांनी वासावरून ओळखला आणि म्हणाले, आज बुधवार वाटतं. म्हटलं, हो, बुधवारच आहे, दर बुधवारी येत जाईन. दुसरा घरी आणून पाटीखाली उभा राहून खाल्ला. डाव्या हातानं. सॉस सगळा शर्टावर.

मग स्टूल घेऊन कपाटावरचं गाठोडं काढलं. कापड जागच्या जागी विरलं होतं. रेडिओ बंद पडला असेल असं वाटलं, पण नवे सेल घातले तर खरखरला आणि सुरू झाला. कसलंतरी गाणं होतं. आवाज पूर्ण वाढवला. वर मुद्दाम एक पातेलं मोरीत आपटलं, झाकणासकट.

खालचे कुणी ओरडतील असं वाटलं होतं. कुणी ओरडलं नाही. मी अर्धा तास तसाच बसलो, रेडिओ चालू ठेवून, तिच्यासमोर.